तो डबा भंगारात देऊ नका

बंद पडलेल्या थिएटरांचे मालक, जुने वितरक, तंबूवाले, प्रोजेक्टरशेजारी हयात घालवलेले ऑपरेटर, शाळा-ग्रंथालयांचे विश्वस्त आणि ज्यांच्या घरात आजोबा, काका, मामा कुणी ना कुणी सिनेमाच्या धंद्यात होतं अशी सगळी मंडळी, हे आवाहन तुम्हाला आहे. माळ्यावर, जिन्याखाली, गोदामाच्या कोपऱ्यात किंवा केबिनमध्ये गंजलेले गोल पत्र्याचे डबे पडून असतील, तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याच्या गाडीवर चढू देऊ नका. थिएटर पाडून तिथे टॉवर उभा राहणार असेल, तर खुर्च्या-पंख्यांचा लिलाव होण्याआधी केबिनमध्ये काय काय आहे त्याची यादी करा. त्या डब्यांत सिनेमाची रिळं असतील. कदाचित अशा सिनेमाची, ज्याची दुसरी धड प्रत आज कुणाकडेच नाही.

‘आमच्याकडच्या खरवडलेल्या प्रिंटला कोण विचारतंय?’ असं तुम्हाला वाटेल. विचारणारे आहेत. जगभरातले कितीतरी अभिजात सिनेमे अशाच खरवडलेल्या, तुटक्या, विसरलेल्या प्रतींमुळे परत उभे राहिले आहेत. आणि त्या प्रती जपणारे बहुतेक वेळा तुमच्या-आमच्यासारखे सिनेवेडेच होते.

गेलं ते किती गेलं

भारतात तेराशेहून अधिक मूकपट तयार झाले. त्यांतले आज तीसेक उरले आहेत आणि त्यांतल्याही अनेकांची एक-दोन रिळंच हाती आहेत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आपण अपुराच पाहतो. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणारा बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ साली कोल्हापुरात तयार झाला. त्याचं वर्णन पुस्तकांत वाचायचं, सिनेमा बघायला मिळत नाही. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट ‘आलम आरा’ तर पुरता नाहीसा झाला.

‘आलम आरा’ कसा गेला, हे पी. के. नायर सांगत असत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढे ते ज्यांच्या नावानं ओळखलं गेलं, ते हे नायरसाहेब. ते अर्देशीर इराणींना भेटायला गेले, तेव्हा म्हातारे इराणी म्हणाले, काही रिळं असतील पडलेली, मुलाला विचारा. मुलानं नायरांना बाजूला घेऊन सांगितलं, की ती रिळं आपण केव्हाच चांदी काढण्यासाठी विकून टाकली, वडिलांना त्याचा पत्ताही नाही. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते. ती धुऊन काढायची आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या, पर्स करायच्या, असा रीतसर धंदा तेव्हा चालत असे. पहिल्या बोलपटाच्या नशिबी हेच आलं.

त्याच नायरांनी फाळके कुटुंबीयांकडून ‘कालिया मर्दन’ची (१९१९) विस्कळीत रिळं मिळवली, फाळक्यांच्या टिपणांच्या आधारे ती क्रमानं लावली आणि सिनेमा पुन्हा पाहण्याजोगा केला. एका घरानं डबे विकले, दुसऱ्या घरानं ठेवले. आपल्या सिनेमाच्या इतिहासातलं काय उरलं आणि काय गेलं, हे अशा घरगुती निर्णयांनी ठरलेलं आहे.

‘सरकारकडे असेलच की एक प्रत,’ हा समज सोडून द्या. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी असा कायदा आपल्याकडे १९५४पासून आहे. सिनेमाला अशी सरसकट सक्ती नाही. जे कुणी दिलं, कुणी हिंडून मिळवलं, तेवढंच संग्रहात आहे. त्यातही २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं राख झाली.

निर्मात्याकडे निगेटिव्ह असेलच ना?

हा दुसरा समज. ‘शोले’पेक्षा नावाजलेला, कमावता सिनेमा आपल्याकडे कोणता? १९७५ साली तो ७० मिलिमीटरच्या भव्य पडद्यावर झळकला. अलीकडे तो दुरुस्त करायला घेतला, तेव्हा ७० मिलिमीटरची एकही प्रिंट उरलेली नव्हती आणि मूळ निगेटिव्हची पार वाताहत झाली होती. इंग्लंडमधल्या एका गोदामात जुनं साहित्य सापडलं, मुंबईतल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्यावर काम केलं आणि जून २०२५मध्ये बोलोन्याच्या महोत्सवात मूळ शेवटासह ‘शोले’ दाखवला गेला. ‘शोले’ची ही गत, तर तीन आठवडे चाललेल्या एखाद्या तमाशापटाची निगेटिव्ह कुणी कुठे जपली असेल?

सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. तरी त्या अर्धवट जळक्या पट्ट्या अमेरिकेतल्या ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीनं फेकल्या नाहीत. वीसेक वर्षांनी तंत्रज्ञांनी त्या पाणी देऊन मऊ केल्या, हातानं सांधल्या, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसरीकडच्या प्रतींतून चित्रं घेतली आणि २०१५ साली तिन्ही सिनेमे नव्यानं पडद्यावर आले. जळकी फिल्मदेखील कामाची असते, हे लक्षात असू द्या.

आता आपल्या मराठीतलं उदाहरण. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर १९७६ साली फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून सिनेमा केला. नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. पुण्यातली माणसं, पुण्याची कथा, पैसा इथल्या बँकेचा. आणि आज तो पाहता येतो, तो बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेनं महोत्सवात आलेली प्रिंट जपून ठेवली आणि पुढे तिच्यावरून डिजिटल प्रत केली म्हणून. पेशवाईतल्या पुण्याचा सिनेमा जर्मनीतल्या कपाटानं वाचवला. आपल्या कपाटांचं काय?

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांनाही म्हणूनच हे सांगणं आहे. गणेशोत्सवात दाखवायला कधी काळी मागवलेली १६ मिलिमीटरची प्रिंट कुणाच्या तळघरात राहून गेली असेल, तर एकदा शोधा.

चाहत्यांनी काय करून दाखवलं

अर्जेंटिनातल्या एका समीक्षकाला फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ आवडला. सिनेमा १९२७ सालचा. बर्लिनमधल्या पहिल्या खेळांनंतर वितरकांनी त्याची बेसुमार काटछाट केली होती, पण ब्यूनॉस आयर्सला गेलेली प्रिंट त्याआधीची, लांब होती. ती या गृहस्थांनी आपल्या खासगी संग्रहात ठेवली. पुढे तिच्यावरून १६ मिलिमीटरची नक्कल निघाली, तीही धूळ-ओरखड्यांसकट. २००८ साली ती तिथल्या सिनेसंग्रहालयात ओळखू आली, तेव्हा ऐंशी वर्षं हरवलेला सुमारे २५ मिनिटांचा भाग हाती लागला. आज तो सिनेमा बघताना ते तुकडे चटकन ओळखू येतात. चित्र लहान होतं, उभ्या रेघांचा पाऊस सुरू होतो. पण कथेतले तुटलेले धागे तिथेच जुळतात. त्या रेघांबद्दल कुणी तक्रार करत नाही.

आणि हा प्रकार फक्त मूकपटांपुरता नाही. ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला. १९९७ साली दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी संगणकावर नवी दृश्यं घालून त्याची ‘विशेष आवृत्ती’ काढली आणि यापुढे हाच सिनेमा खरा, अशी भूमिका घेतली. मूळ निगेटिव्हही त्या नव्या आवृत्तीप्रमाणे जुळवली गेली. ज्यांनी १९७७चा सिनेमा थिएटरात पाहिला होता, त्यांच्यासाठी तो जणू बाजारातून उठवला गेला. तेव्हा काही चाहत्यांनी ठरवलं, की निगेटिव्ह कंपनीकडे असेल, पण प्रिंट तर गावोगाव गेल्या होत्या. त्यांनी संग्राहकांकडून त्या काळच्या प्रिंट मिळवल्या, वर्गणी काढली, एकेक चौकट ४के दर्जात स्कॅन केली आणि वर्षानुवर्षं रात्री जागून धूळ-ओरखडे काढले. त्यांचा ‘४के७७’ हा प्रकल्प २०१८मध्ये पुरा झाला.

त्यांना साथ दिली ती एका जुन्या तंत्रानं. त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रिंट ईस्टमनकलरच्या. त्यांतला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळा सिनेमा गुलाबी होऊन बसतो. सत्तरच्या दशकातला कुठलाही रंगीत मराठी सिनेमा जुन्या प्रिंटवर पाहिलेल्याला हा गुलाबी अवतार ठाऊक असेल. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत मात्र रंग छपाईसारखे फिल्मवर चढवत, आणि ते टिकतात. चाहत्यांना हव्या होत्या त्या नेमक्या याच प्रिंट. जून २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं १९७७ची अशीच एक टेक्निकलर प्रिंट महोत्सवात चालवली, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांनीही तिचे रंग शाबूत होते.

या चाहत्यांकडे मालकी हक्क नव्हता. त्यांचं काम कायद्याच्या चौकटीबाहेरचं आहे आणि त्याची नक्कल करा असं मी म्हणणार नाही. घ्यायचं ते एवढंच, की नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या खिशातून, चार माणसं एक सिनेमा उभा करू शकतात. आपल्याकडे तर कायदाही बराच सोयीचा आहे. भारतात सिनेमावरचा हक्क, तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे साठच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतचे बहुतेक सिनेमे त्या मुदतीबाहेर आले आहेत. गाणी, कथा यांचे हक्क वेगळे असू शकतात, तेव्हा लोकांसमोर दाखवण्याआधी चौकशी करायला हवीच. पण जपायला आणि जपण्यासाठी योग्य संस्थेच्या हाती द्यायला कुणाची आडकाठी आहे?

घाई का?

घाई रसायनशास्त्रामुळे आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटवर निघत असे. ती भडका घेते आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. त्यानंतर अ‍ॅसिटेटची ‘सेफ्टी’ फिल्म आली. ती तशी भडका घेत नाही, पण उष्ण, दमट हवेत तिचा पाया कुजत जातो आणि त्यातून व्हिनेगरचं आम्ल सुटतं. सुटलेलं आम्ल पुन्हा त्याच कुजण्याला वेग देतं. डब्याच्या पत्र्याला आलेला गंज त्यात भर घालतो. फिल्म आकसते, पन्हाळीसारखी वाकते, चित्राचा थर पायापासून सुटतो आणि शेवटी सगळं रीळ एक चिकट वडी होऊन बसतं. एका डब्यात हे सुरू झालं की शेजारच्या डब्यांनाही बाधतं.

मुंबई, कोकण, गोवा इथला पावसाळा आणि विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा यांनी हे काम आणखी सोपं केलं आहे. थिएटरं सॅटेलाइटवरून येणाऱ्या डिजिटल सिनेमावर गेली, फिल्मच्या प्रिंट येणं २०१४च्या आसपास जवळपास थांबलं, प्रयोगशाळा बंद पडल्या. आणि १९५५ ते १९९० या काळातल्या प्रिंट आज नेमक्या मरणाच्या वयात आहेत. नव्वदच्या दशकानंतरच्या बऱ्याच प्रिंट पॉलिएस्टरच्या आहेत, त्या टिकतील. पण आपल्या आईवडिलांनी पाहिलेला सिनेमा अ‍ॅसिटेटवर आहे आणि त्याच्याकडे फार पावसाळे उरलेले नाहीत.

डबा सापडला तर

आधी वास घ्या. झाकण थोडं उचललं आणि नाकाला आंबूस झणका बसला, तर रोग लागला आहे. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा काढा. घाबरून फेकू नका. वास येणारी फिल्मही स्कॅन होऊ शकते, मात्र लवकर करावी लागते.

फिल्म प्रोजेक्टरवर चढवून बघायचा मोह टाळा. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांवर बसत नाहीत आणि पहिल्याच फेरीत ती फाटत जाते. आजकालच्या स्कॅनरना दाते नसतात, ते हळुवार ओढत एकेक चौकट टिपतात. ते काम त्यांच्यावर सोडा.

फिल्म कोणती आहे हे ती स्वतःच सांगते. सुती हातमोजे घालून सुरुवातीची दोन-तीन फूट उलगडा आणि उजेडासमोर धरा. भोकांच्या कडेला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असतं. कोडॅक, पूर्व जर्मनीची ऑरवो किंवा उटीच्या कारखान्याची इंदू. जवळच ‘सेफ्टी’ असेल तर आगीचा धोका नाही. ‘नायट्रेट’ लिहिलेलं दिसलं किंवा पन्नासच्या आधीची ३५ मिलिमीटर फिल्म असून काहीच लिहिलेलं नसलं, तर डबा बंद करा, तिथून हलवू नका, आसपास विडी-काडी, दिवा, हीटर काही नको, आणि ताबडतोब जाणकारांना कळवा. शाळा, कुटुंबनियोजन केंद्र, प्रचार खातं यांच्याकडची १६ मिलिमीटरची फिल्म मात्र सुरुवातीपासून सेफ्टीवरच निघत आली आहे.

पुढे चार-दोन चौकटी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राच्या येतील. मोबाइलवर त्यांचा नीट फोटो काढा. सिनेमाचं नाव, भाषा, रिळांची संख्या, एकूण लांबी आणि तारीख एवढ्या एका कागदात मिळते. कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर मंडळानं सिनेमाला कात्री लावली होती असं समजा. डब्यावरच्या चिठ्ठीचाही फोटो घ्या. ‘रीळ ७, गाणं नाही’, ‘शेवटची शंभर फूट तुटली’ असे ऑपरेटरांचे शेरे त्यावर असतात, आणि पुढे चार गावांच्या प्रिंट जुळवताना त्यांचा फार उपयोग होतो.

सगळी रिळं नसली तरी चालेल. एकट्या रिळालाही मोल आहे. १,००० फुटांच्या एका ३५ मिलिमीटर रिळात ११ मिनिटांचा सिनेमा असतो. एका गावच्या प्रिंटमधून गाणं कापलं गेलं असेल, तर दुसऱ्या गावच्या प्रिंटमध्ये नेमकं तेच असू शकतं. ऑपरेटरनं कापून बरणीत ठेवलेले तुकडेही टाकू नका. पूर्वी आपली पोरं तेच तुकडे गोळा करत, फ्यूज बल्बमध्ये पाणी भरून त्यासमोर धरत, आरशानं उन्हाचा कवडसा पाडत आणि खोलीच्या भिंतीवर सिनेमा काढत. कुणाच्या पत्र्याच्या पेटीत तो खजिना अजून असेल, तर तोही हवा आहे.

डबे जमिनीवर न ठेवता फळीवर आडवे ठेवा, गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत नकोत, ओल असलेल्या तळघरातही नकोत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आम्लाला बाहेर पडायला वाट हवी. सोबतचे पोस्टर, गाण्यांच्या चोपड्या, वितरकाच्या वह्या एकत्र राहू द्या. आणि मग पत्र किंवा ईमेल करून पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला (ते २०२२पासून एनएफडीसीत विलीन झालं आहे) किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला यादी पाठवा. जे काही द्याल त्याची लेखी पोच घ्या, मालकी तुमच्याकडे राहणार की संस्थेकडे जाणार, हे कागदावर ठरवून घ्या. प्रिंट ठेवायला दिली म्हणून निर्मात्याचा हक्क जात नाही आणि प्रिंट हाती आहे म्हणून तुम्हाला प्रदर्शनाचा हक्क मिळतही नाही. हे दोन्ही स्पष्ट असलं की मनातली धाकधूक उरत नाही.

कुठे शोधायचं?

लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ इमारतीतल्या वितरकांच्या जुन्या कचेऱ्या आणि त्यांची गोदामं. विदर्भ-खानदेशच्या सर्किटचा कारभार जिथून चाले त्या भुसावळ, अमरावतीतल्या पेढ्या. चोर बाजारातल्या दुकानांच्या मागच्या खोल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे, तंबूवाले. पालच्या खंडोबाच्या जत्रेत, पुसेगावच्या यात्रेत, शेकडो गावांच्या उरुसांत ट्रकमधून प्रोजेक्टर नेऊन सिनेमा दाखवणाऱ्या या माणसांनी शहरातल्या थिएटरांनी सोडून दिलेले सिनेमे वीस-वीस वर्षं चालते ठेवले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात ती दुनिया पाहायला मिळते. त्या ट्रकांतल्या पेट्या आज कुठे आहेत, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या.

सिनेवेड्यांनो, तुम्हालाही

ज्यांच्याकडे डबे नाहीत, पण वेळ, संगणक आणि सिनेमाचं वेड आहे, त्यांच्यासाठी भरपूर काम आहे. दोन तासांच्या सिनेमात १,७२,८०० चौकटी असतात. ४के दर्जात एकेक चौकट सुमारे ५० एमबीची, म्हणजे सगळा सिनेमा आठ-नऊ टेराबाइट. त्याच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या गावांत हव्यात. डिस्क कुणी द्यायच्या? धूळ काढलेल्या चौकटी डोळ्यांखालून कुणी घालायच्या? संगणक पडणाऱ्या पावसाचे थेंब आणि नाचणाऱ्या बाईच्या पैंजणांची चमकही धूळ समजून पुसतो. ते बघायला माणूसच लागतो. श्रेयनामावली नसलेल्या रिळातला नट ओळखणं, गावोगावच्या प्रिंटची रीळवार तुलना करणं, जुन्या ऑपरेटरांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवणं, अमराठी प्रेक्षकांसाठी उपशीर्षकं लिहिणं, ही सगळी कामं घरबसल्या किंवा सुटीच्या दिवशी होण्यासारखी आहेत.

पण काही पथ्यं पाळा. स्कॅन झालेली मूळ फाइल तशीच्या तशी ठेवा, जी काही सफाई करायची ती नकलेवर करा आणि काय बदललं त्याची नोंद ठेवा. फिल्मचा कण हा चित्राचाच भाग आहे, तो घासून चेहरे मेणाचे करू नका. कृष्णधवल सिनेमा रंगवू नका. जुना, जवळपास चौकोनी सिनेमा टीव्हीच्या रुंद पडद्यात बसवण्यासाठी नटांची डोकी आणि लावणीवालीचे पाय कापू नका. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅपमधून काढलेली चकचकीत आवृत्ती तुम्हाला आवडेल, पण त्या अ‍ॅपनं रचलेला चेहरा ना हंसा वाडकरांचा असतो, ना राजा परांजप्यांचा. सिनेमा तेव्हा जसा दिसला तसा दाखवणं एवढंच आपलं काम. आणि स्कॅन झालं म्हणून रीळ टाकायचं नाही. हार्ड डिस्क पाच-दहा वर्षांत दगा देते, नीट थंड ठेवलेली फिल्म शंभर वर्षं टिकते.

पैशांबद्दलही बोलू. स्कॅनिंग महाग आहे आणि एकट्यादुकट्याला झेपणारं नाही. पण १९७६ साली श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले आणि सिनेमा उभा राहिला. २०२४ साली त्याचीच दुरुस्त केलेली प्रत कानच्या महोत्सवात दाखवली गेली. महाराष्ट्रात नाट्यमंडळं, फिल्म सोसायट्या, गणेश मंडळं, रोटरी, बँका, साखर कारखाने सगळं आहे. एका तालुक्यानं एका सिनेमाचा खर्च उचलायचा ठरवलं, तर दहा वर्षांत किती सिनेमे वाचतील याचा हिशेब तुम्हीच मांडा. मराठी सिनेमाला अनुदान देणाऱ्या शासनालाही एक मागणी आहे. ज्या सिनेमाला जनतेच्या पैशातून मदत मिळते, त्याची जपणुकीची प्रत संग्रहालयात जमा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम सुरू आहे, संस्थांचं काम चालू आहे, पण त्यांना तुमच्या माळ्यावर काय आहे हे दिसत नाही. ते दाखवणं तुमच्या हातात आहे. म्हणून येत्या रविवारी तीन गोष्टी करा. घरातल्या आणि ओळखीतल्या वयस्कर माणसांना विचारा, की सिनेमाच्या धंद्यात कोण होतं. गावातल्या बंद थिएटरच्या मालकाला एक फोन करा. आणि डबा सापडला, तर वास घ्या, फोटो काढा, कळवा. दिवाळीची आवराआवर सुरू होण्याआधी हे झालं पाहिजे, कारण भंगारवाला दारात आला की तो तुमच्या उत्तराची वाट बघत बसत नाही.